दोन कुत्री, एक छोटी गाडी आणि मे महिना

माझ्या साडूंची भुसावळहून नाशिकरोडला बदली झाली. रेल्वेतल्या माणसांना बदलीचं काही वाटत नाही. दोन दिवसांत खोकी बांधून झाली, छोटा हत्ती ठरला, क्वार्टरची किल्ली द्यायचा दिवस ठरला. कुत्र्यांचं काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. "गाडीत बसतील की," एवढंच बोलणं झालं.

कुत्री दोन. वाघ्या हा बावीस किलोचा तांबडा गावठी, यार्डाजवळ सापडलेला, वय पाच. लाडू हा नऊ किलोचा पग, ज्याला आमच्याकडे लोक अजून 'हचवाला कुत्रा' म्हणतात. गाडी आठशे सीसीची, जुनी, सीएनजी किट लावलेली. म्हणजे डिकी नावालाच. तिथे टाकी आडवी पडलेली आणि तिच्या कडेला जेमतेम एक पिशवी राहील इतकी जागा. परदेशातले सल्ले वाचणारे म्हणतात, कुत्रा मागे डिकीत जाळी लावून ठेवा. इथे डिकीत आधीच सिलिंडर बसलाय.

रेल्वेने का नेली नाहीत, हा प्रश्न मीही विचारला. कुत्रा रेल्वेने न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातलं कुत्र्याचं खोकं. ते खोकं मे महिन्यात कसं तापतं हे साडूंनी नोकरीत हात लावून पाहिलेलं होतं. तेव्हा गाडीचा निर्णय चुकीचा नव्हता. चुकलं ते पुढचं सगळं.

पहिली खेप

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. टेम्पो आला नऊला, भरून झाला साडेदहाला. गाडी भुसावळहून हलली तेव्हा अकरा वाजले होते, आणि तो मेचा शेवटचा आठवडा होता. त्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, खांबाची सावलीसुद्धा खांबाच्या पायाशी गोळा होते. गाडीच्या काचांना पडदे लावून तेव्हा फारसा उपयोग नसतो. तापतं ते टप.

गाडीत साडू चालवायला, शेजारी मेहुणी, तिच्या मांडीवर लाडू. मागे दहा वर्षांची भाची, तिच्या शेजारी मोकळा वाघ्या, पायाशी कुंड्या आणि देवघराचं खोकं. जळगाव सोडल्यावर सीएनजीच्या पंपावर रांग होती. गॅस भरताना इंजिन बंद करून सगळ्यांनी खाली उतरायचं, हा नियम. माणसं उतरून शेडखाली उभी राहिली. कुत्री गाडीत राहिली, चारही काचा चार-चार बोटं खाली. मेहुणीच्या म्हणण्याप्रमाणे पंधरा मिनिटं, भाचीच्या म्हणण्याप्रमाणे "खूप वेळ". गॅसच्या पावतीवरची वेळ आणि निघताना घरी केलेल्या फोनची वेळ ताडून मी हिशेब लावला, तो पंचवीस मिनिटांचा निघतो.

बंद गाडी उन्हात उभी केली की आतलं तापमान सुरुवातीलाच झपाट्याने चढतं. तासाभरात जेवढं वाढायचं त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच वाढून जातं. काचा थोड्या खाली ठेवल्याने त्यात नावापुरताच फरक पडतो. बाहेर त्रेचाळीस असताना आत काय झालं असेल ते सांगायला नको.

पुन्हा निघाल्यावर एसी लावला, पण लाडूचं धापणं थांबेना. एरंडोलच्या आसपास त्याच्या तोंडातून चिकट लाळ लोंबायला लागली आणि जीभ जांभळट दिसायला लागली. मेहुणीने टॉवेल ओला करून त्याला गुंडाळला. साडूंनी वेग वाढवला. एका फाट्यावर बाजूच्या रस्त्याने मोटारसायकल अचानक वर आली, साडूंनी करकचून ब्रेक मारला, आणि मागचा वाघ्या दोन सीटांच्या फटीतून थेट गिअरच्या दांड्यावर येऊन आदळला. साडूंचं कोपर उडालं, स्टिअरिंग फिरलं, गाडी डांबर सोडून साइडपट्टीच्या मातीत उतरून थांबली. भाचीचा ओठ फुटला. बाकी कुणाला काही झालं नाही.

पारोळा तिथून जवळ. पारोळा म्हणजे आमची दोघांची सासुरवाडी. मला धुळ्याला फोन आला तेव्हा लाडू तिथल्या पशुवैद्यांच्या टेबलावर होता आणि थर्मामीटर १०७ फॅरनहाइट दाखवत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. १०५ च्या वर गेलं की तो उष्माघात समजायचा.

डॉक्टरांनी काय केलं, आणि ओला टॉवेल का काढला

मी पोचलो तेव्हा लाडू आडवा होता, पायाला सलाईन, बाजूला टेबल फॅन. पहिली गोष्ट डॉक्टरांनी केली ती टॉवेल काढून टाकण्याची. त्यावरून मेहुणी आधी जरा दुखावली होती, कारण तिच्या परीने तिने बरोबरच केलं होतं. डॉक्टरांनी दिलेलं उत्तर खान्देशातल्या कुणालाही एका दमात कळेल असं होतं: "ताई, कुत्र्याची जीभ म्हणजे त्याचा कूलर."

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी थंडाई धापण्यातून. जीभ, नाक, घसा यांवरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि रक्त गार करतं. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर असाच चालतो. आता आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे की खिडक्या बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि गारवा संपतो. हवा ओलीने भरली की पाणी उडायला जागाच उरत नाही. बंद गाडीत धापणाऱ्या दोन कुत्र्यांचं तेच होतं. त्यात पगचं नाक चपटं, श्वासाची वाट आखूड आणि अरुंद, म्हणजे कूलर मुळातच लहान आणि पंखा अर्धवट अडकलेला. वरून घट्ट गुंडाळलेला ओला टॉवेल थोड्या वेळात अंगाच्याच उष्णतेने कोमट होतो आणि घोंगडीचं काम करायला लागतो.

करायचं ते असं, आणि ते गाडीतच सुरू करायचं, दवाखान्यात पोचेपर्यंत थांबायचं नाही: सावलीत घेऊन अंगावर साधं नळाचं पाणी ओतत राहायचं, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, आणि त्यावर वारा घालायचा. एसीची हवाही चालेल. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवायचं, तोंडात ओतायचं नाही. १०३.५ च्या आसपास आलं की ओतणं थांबवायचं, नाहीतर तापमान घसरत खाली निघून जातं. डॉक्टरांनी बरोबर तिथेच हात आवरला.

लाडू तीन दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांवर राहिला. दुसऱ्या दिवशी शौचाला रक्त पडलं. उष्माघातात ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं. आतडी, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची क्रिया यांच्यावरचा मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. म्हणून रक्ताच्या तपासण्या पुन्हा झाल्या. चौथ्या दिवशी त्याने सासूबाईंच्या हातची कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तेव्हा घर जरा बोलायला लागलं. तोवर सासूबाई जावयांशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. "माणूसले तोंड से, बोलस तरी. मुका जनावर कोनले सांगी?" हे एकच वाक्य त्यांनी दोन-तीनदा ऐकवलं, कुणाकडेही न बघता.

साडू-मेहुणी नाशिकला गेले. कुत्री पारोळ्याला राहिली. त्यांना पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी मागितलंच होतं म्हणा. वीस वर्षं कुत्री पाळल्यामुळे मला सगळं येतं असा नातेवाइकांत समज आहे, आणि मी तो कधी खोडून काढलेला नाही.

अडचण नेमकी कुठे

दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. एक ऊन, दुसरी धडक. पहिल्या खेपेत दोन्ही अर्ध्या तासाच्या अंतराने घडल्या, आणि दुसरी पहिलीमुळे घडली.

धडकेचं गणित कुणीही मांडू शकतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आत मोकळं असलेलं प्रत्येक ओझं स्वतःच्या वजनाच्या चौदा पटीच्या जोराने पुढे जायला बघतं. बावीस किलोचा वाघ्या म्हणजे तीनशे किलोचा धक्का. भाचीच्या शेजारून. मांडीवरचा नऊ किलोचा लाडू हाताने धरून ठेवता येईल असं वाटतं, पण त्या क्षणी त्याचा जोर सव्वाशे किलोचा होतो. पैलवानालाही तो धरवणार नाही. ज्या गाड्यांत पुढे एअरबॅग आहे (२०२१ पासून नव्या गाड्यांत ती शेजारच्या सीटलाही सक्तीची झाली) तिथे मांडीवरचा कुत्रा माणूस आणि फुगणारी पिशवी यांच्या मध्ये चिरडतो. ही गाडी जुनी, एअरबॅग नाही, म्हणजे तो डॅशबोर्डवर.

मग लाडूसाठी सगळ्यात सुरक्षित जागा कोणती? लहान कुत्र्याची पेटी असेल तर पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवतो त्या खोलगट जागेत. पुढे सीटची पाठ, मागे बाकाचा कठडा, पेटीला उडायला जागाच नाही. पेटी मागच्या सीटवर ठेवून तिच्यावरून सीटबेल्ट आवळण्यापेक्षा हे बरं, कारण धक्क्यात तोच बेल्ट पातळ प्लास्टिकची पेटी चेपून टाकू शकतो.

आणि इथेच खरी मेख आहे. छोट्या गाडीत एसीची हवा फक्त पुढून येते, मागे झरोके नसतात. धडकेसाठी सगळ्यात चांगली जागा हीच वाऱ्यासाठी सगळ्यात वाईट. ज्या कुत्र्याला हवा सगळ्यात जास्त हवी, तोच त्या खळग्यात बसणार. मोठ्या गाड्यांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत हा पेच येतच नाही. मी दुपारी दोनला पारोळ्याच्या अंगणात गाडी उभी करून एसी पूर्ण लावला आणि माशांच्या टाकीत लावतात तो वायरचा थर्मामीटर आणून ठिकठिकाणी ठेवला. पंधरा मिनिटांनी पुढच्या सीटवर २५ अंश, मागच्या बाकावर २९, खळग्यात ३३. बाहेर ४२. साडूंना फोन करून आकडे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी पुढे गार बसलो होतो आणि मला वाटलं गाडीच गार आहे."

तयारी

पहिला निर्णय गाडीचा नव्हताच. माणसं रेल्वेने, सामान टेम्पोने, गाडीत फक्त कुत्री. पहिल्या खेपेत हे तिन्ही एकत्र आले होते आणि टेम्पो उशिरा आला म्हणून कुत्री उन्हात निघाली. ज्याच्या उशिराशी कुत्र्यांचा काही संबंध नाही, त्याच्यावर त्यांची वेळ बांधायची नाही.

दुसरा निर्णय वेळेचा. पारोळा ते नाशिकरोड दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. साडेतीनला निघालं तर सव्वाचारला धुळे, सव्वापाचला मालेगाव, सूर्य वर येईपर्यंत चांदवडजवळ. तिथून पुढे उंचीही वाढत जाते. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, नाशिक सहाशेच्या आसपास. पहाटे खान्देशातही पारा २७-२८ ला टेकलेला असतो. एसीला तेव्हा उन्हाशी झुंजावं लागत नाही, आणि खळग्यातलं ते जास्तीचं तापमान गळून पडतं. जागा बदलता येत नसेल तर घड्याळ बदलायचं, इतकं साधं होतं ते. गॅस आदल्या संध्याकाळी, कुत्री घरी असताना भरला.

मग टेप घेऊन मोजमाप. पेटी अशी हवी की कुत्रा आत उभा राहील, वळेल, पसरून झोपेल. पण त्याहून फार मोठी नको, नाहीतर धक्का बसल्यावर आतल्या आतच आपटतो. लाडूसाठी पन्नास सेंटिमीटर लांब, तेहतीस रुंद पेटी मिळाली, कडक प्लास्टिकची, तिन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या. ती डाव्या खळग्यात आडवी बसवायला पुढची डावी सीट पार पुढे सरकवावी लागली. म्हणजे त्या सीटवर माणूस बसू शकत नाही. म्हणजे चालवायला एक, मागे उजवीकडे एक, डावीकडे बाकावर वाघ्या, खाली लाडू. चौघांच्या गाडीत दोन माणसं आणि दोन कुत्री, गाडी फुल्ल. मेहुणी फोनवर म्हणाली, "मग पुढच्या सीटवर कुंड्या तरी आणा." नाही म्हणून सांगितलं. मोकळी कुंडीही चौदा पट होते.

पुढची सीट रिकामी राहिल्याचा एक फायदा असा झाला की मधल्या झरोक्यांची हवा दोन सीटांमधून तिरपी खाली, थेट पेटीच्या जाळीवर सोडता आली. हवेचं बटण 'आतलीच फिरव' वर, पंखा तिसऱ्या नंबरवर.

वाघ्यासाठी छातीपट्टा. गळपट्ट्याला बांधून कधीही गाडीत बसवू नये; ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. छातीपट्टा रुंद, छातीचं हाड झाकणारा, पाठीवर लोखंडी कडी. दुकानात मिळणारे बरेचसे पट्टे फिरायला न्यायचे असतात, त्यांची प्लास्टिकची बकलं खटकन तुटतात. तो प्रकार घेतला नाही. सीटबेल्टच्या खाचेत घालायची एक आखूड पट्टी मिळते, तिच्यावर माझा जीव बसला नाही. वाघ्या बसताना त्याचा पाय लाल बटणावर पडला की पट्टी सुटते, हे अंगणात दोनदा दिसलं. शेवटी गाडीचाच बेल्ट छातीपट्ट्याच्या मागच्या फासातून ओवला आणि आखूड पट्टी न लावता नुसती सोबत ठेवली.

औषधाबद्दल साडूंचा आग्रह होता की दोघांना झोपेची गोळी द्यावी. डॉक्टरांनी साफ नकार दिला. जुन्या पद्धतीची गुंगीची औषधं कुत्र्याला सुस्त करतात, भीती कमी करत नाहीत; वर रक्तदाब उतरवतात आणि अंगाचं तापमान सांभाळण्याची ताकदही कमी करतात. लाडूसारख्याला उन्हाळ्यात हे देणं म्हणजे उरलासुरला कूलरही बंद करणं. आपण लहान मुलांना एसटीत देतो ती उलटीची गोळीही मनाने द्यायची नाही. वाघ्या गाडीत ओठ चाटतो, जांभया देतो, लाळ गाळतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी त्याच्यासाठी मॅरोपिटंटची, म्हणजे कुत्र्यांची उलटी रोखणारी, गोळी वजनावर मोजून लिहून दिली. दोघांची तब्येत तपासून दाखला दिला. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी तो मागितलेला आहे, रस्त्याने नेतानाही. त्याच नियमांत निघण्याच्या किमान दोन तास आधी खाणं-पाणी झालेलं असावं असंही आहे. उपाशी-तहानलेलं जनावर पेटीत घालायचं नाही.

सवयीला अकरा दिवस मिळाले. पेटी ओसरीवर, झाकण काढून, आत सासूबाईंचं जुनं लुगडं. पहिले दोन दिवस लाडू तिच्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरी तापल्यावर स्वतःहून आत जाऊन झोपला, कारण तिथे सावली होती. मग जेवण आत. मग झाकण. मग झाकण लावून पाच मिनिटं. वाघ्याचं उलटं: त्याला गाडी आवडत होती, बांधलेलं आवडत नव्हतं. बंद गाडीत पट्टा घालून बसवायचं, तुकडा द्यायचा, उतरवायचं. मग इंजिन चालू. मग किल्ल्यापर्यंत फेरी. एक दिवस संध्याकाळी अमळनेरच्या रस्त्याने पंधरा किलोमीटर. तिथे ओकला, म्हणून तर गोळीचा विषय निघाला.

दुसरी खेप

साडू आदल्या रात्री रेल्वेने येऊन पोचले. रात्री साडेसातला कुत्र्यांना अर्धं जेवण, पाणी निघेपर्यंत मोकळं. सव्वातीनला गाडी सुरू करून दहा मिनिटं एसी चालू ठेवला, मगच कुत्री आत. गळ्यात फोन नंबरची पाटी. साडू चालवायला, मी मागे. पायाशी पाण्याचा पाच लिटरचा कॅन, वाडगा, जुनी वर्तमानपत्रं, आणि पेटीच्या जाळीला लटकवलेला थर्मामीटर.

धुळ्यापर्यंत काही घडलं नाही, लाडू घोरत होता. पगचं घोरणं हे मोठं सोयीचं असतं. आवाज बदलला की लगेच कळतं. धुळ्याला पेटीत २६ अंश, मालेगावला २५.

झोडग्याच्या अलीकडे वाघ्या उठून फिरला आणि बेल्टचा वेढा मागच्या मांडीभोवती घेऊन बसला. इथे माझी चूक होती. सीटबेल्ट झटका बसला तरच अडतो, एरवी हळूहळू सैल सुटतो. त्यामुळे वाघ्याला मी समजलो होतो त्यापेक्षा हातभर जास्त मोकळीक होती. अंगणात उभ्या गाडीत तो इतका फिरलाच नव्हता. गाडी थांबवून सोबतची आखूड पट्टी खाचेत लावली आणि तिचं बटण मी उरलेल्या प्रवासात तळहाताखाली झाकून बसलो. हा काही उपाय म्हणता येणार नाही. पुढे साडूंनी त्या बटणावर बसणारं कडक झाकण घेतलं.

थांबा मालेगाव सोडल्यावर, ढाब्यावर मुद्दाम घेतला नाही. ढाब्यावर दहा मोकळी कुत्री असतात आणि वाघ्या त्यातल्या प्रत्येकाचा हिशेब चुकता करायला बघतो. रस्त्यापासून आत, बंद असलेल्या कांदाचाळीजवळ थांबलो. आधी साखळी लावायची, मग दार उघडायचं, हा क्रम साडूंना तीनदा सांगूनही ते दार आधी उघडायला निघाले होते. माणसाची सवय कुत्र्यापेक्षा हळू मोडते.

राहूड घाटात वाघ्याने ओकलं. गोळी दिली होती, पण सव्वातीनला दिली होती, निघण्याच्या तोंडावर. ती किमान दोन तास आधी, थोड्याशा खाण्यासोबत द्यायची असते. म्हणजे रात्री एकला उठायला हवं होतं. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं. वर्तमानपत्रं कामी आली.

चांदवडच्या पुढे ऊन डाव्या अंगाने मागून आत यायला लागलं. नाशिककडे जाताना सकाळचं ऊन डावीकडून पडणार हे नकाशा बघून आधी कळायला हवं होतं. पेटी उजव्या बाजूला, चालकाच्या मागे ठेवली असती तर सावलीत राहिली असती. पण चालकाची सीट पुढे सरकवता येत नाही. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केलेली. पेटीतला आकडा २७ वर गेला, लाडू उठून बसला. पंखा एक नंबर वाढवला, तो पुन्हा आडवा झाला. अर्ध्या तासाचा प्रश्न होता म्हणून निभावलं. दुपारी याच जागेवर काय झालं असतं ते आम्ही दोघेही बोललो नाही.

पावणेआठला नाशिकरोडच्या क्वार्टरसमोर उतरलो. लाडूचं तापमान १०१.८ भरलं. त्याने पहिलं काम मेहुणीने नुकत्याच लावलेल्या तुळशीच्या कुंडीपाशी केलं आणि कुणी त्याला रागावलं नाही.

त्यानंतर

पेटी आता साडूंच्या गाडीत कायम डाव्या खळग्यात असते. पुढे कुणाला बसायचं असेल तर ती काढायची, आणि ती काढली की लाडू येत नाही, असा घरात कायदा झालाय. वाघ्या छातीपट्टा दिसला की स्वतःच डोकं घालतो.

यंदा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, विषय निघाला. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि ती येते नेमकी एप्रिल-मेच्या तापत्या दिवसांत. मेहुणीला यायचं होतं, चार दिवस राहायचं होतं. साडूंनी रात्रीच्या प्रवासाचं वेळापत्रक मांडलं, गोळीसाठी एकचा गजर सुद्धा लिहिला. सगळं बरोबर होतं. पण रात्री निघालं तरी चार दिवस दुपारी पारोळ्यात काढायचे होते, आणि उष्माघात होऊन गेलेला कुत्रा पुढच्या उन्हाला आणखी कच्चा असतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं. फोनवर बराच खल झाला. शेवटी सासूबाईंनी फोन हातात घेतला.

"आखाजीले ये, पन त्या नकटाले तठेच ठेव."

लाडू चार दिवस नाशिकला शेजाऱ्यांकडे राहिला. वाघ्या पहाटे साडेपाचला पारोळ्याच्या दारात उतरला, ओकला नाही, आणि दिवसभर रांजणाच्या ओलीवर पोट टेकून पडून होता.